सिकलसेल आजार आणि तंतुकणिका

सिकलसेल आजार हा हिमोग्लोबिन या प्रथिनातील आनुवंशिक दोषामुळे होणारा रक्ताचा आजार आहे. या आजारात ऑक्सिजनचे वहन बिघडते आणि त्यामुळे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांच्या, कार्यावर दोन बाजूंनी परिणाम होतो. स्नायू, मूत्रपिंडे, मेंदू इत्यादी अवयवांतील तंतुकणिकांना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. त्याच वेळी, ज्या लोहित रक्तकणिकांमध्ये तंतुकणिका असू नयेत, त्यांपैकी काहींमध्ये त्या शिल्लक राहतात आणि पेशीला अपायकारक ठरतात. या दुसऱ्या परिणामाकडे संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने २०१० नंतरच्या काळात गेले. आजारावरील काही नवी औषधे पेशीच्या ऊर्जाव्यवहारावरच काम करतात.

महाराष्ट्रात हा आजार विदर्भात आणि सातपुड्याच्या परिसरात अधिक आढळतो. आदिवासीबहुल नंदुरबार जिल्हा हा राज्यातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांपैकी एक आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील स्थिती

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, गावित, धानका आदी समाज येथे राहतात.

भारतात सिकलसेल हिमोग्लोबिनची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत या आजाराचे सर्वेक्षण करण्याचे मोठे काम पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी केले. त्यांना २०१९ साली पद्मश्री पुरस्कार देण्यात आला. काटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार भिल्ल, पावरा, माडिया, परधान इत्यादी समाजांत सिकलसेल जनुक बाळगणाऱ्यांचे प्रमाण २० ते ३५ टक्के आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ व नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्येकी ५,००० हून अधिक रुग्ण असावेत, असा अंदाजही मांडला गेला आहे.

हे जनुक काही समाजांत इतके टिकून राहण्याचे कारण हिवतापाशी जोडलेले आहे. वाहक व्यक्तींना, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोषयुक्त जनुक मिळालेल्या व्यक्तींना, फाल्सिपेरम हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. ब्रिटिश संशोधक अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखवून दिले. हिवतापाचा प्रादुर्भाव असलेल्या वनप्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजांमध्ये त्यामुळे या जनुकाचे प्रमाण वाढले.

तंतुकणिकांतील ऊर्जानिर्मिती

तंतुकणिका हे दुहेरी पटल असलेले पेशी अंगक आहे. त्याचे आतील पटल घड्या पडलेले असते आणि ऊर्जानिर्मितीची मुख्य यंत्रणा याच पटलात असते. अन्नातून मिळालेल्या ग्लुकोजचे विघटन प्रथम पेशीद्रवात होते. या टप्प्यात ऑक्सिजन लागत नाही आणि ग्लुकोजच्या एका रेणूपासून निव्वळ २ एटीपी रेणू मिळतात. एटीपी म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. पेशी आपल्या बहुतेक कामांसाठी ऊर्जा याच रेणूतून घेते.

पुढील टप्पे तंतुकणिकेत घडतात. क्रेब चक्रात इंधनरेणूंचे पूर्ण विघटन होऊन इलेक्ट्रॉन मोकळे होतात. हे इलेक्ट्रॉन आतील पटलातील प्रथिनसंकुलांच्या साखळीतून पुढे सरकतात आणि अखेर ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होते. या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेच्या बळावर प्रोटॉन पटलाच्या पलीकडे ढकलले जातात. ते एटीपी सिंथेज या विकरातून परत येतात, तेव्हा ते विकर फिरते आणि एटीपी तयार होते. धरणात साठवलेले पाणी जनित्रावरून सोडून वीज निर्माण करावी, तशी ही रचना आहे. या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूपासून एकूण सुमारे ३० ते ३२ एटीपी रेणू मिळतात. शरीरात घेतलेल्या ऑक्सिजनचा बहुतांश भाग याच ठिकाणी वापरला जातो.

ही माहिती टप्प्याटप्प्याने हाती आली. डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोम या प्रथिनांचे श्वसनातील कार्य दाखवले. हान्स क्रेब्स यांनी १९३७ साली त्यांच्या नावाने ओळखले जाणारे चक्र मांडले. केंब्रिज विद्यापीठात काम करणाऱ्या मराठी जीवरसायनशास्त्रज्ञ कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी, यांनी वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असल्याचे दाखवले. या कामाबद्दल त्यांना १९३९ साली पीएच.डी. मिळाली. यूजीन केनेडी आणि आल्बर्ट लेनिंजर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही ऊर्जानिर्मिती तंतुकणिकेतच होते, हे सिद्ध केले. प्रोटॉनांच्या साठ्यातून एटीपी तयार होते, हा सिद्धान्त पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडला आणि त्यासाठी त्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एटीपी सिंथेजचे कार्य उलगडल्याबद्दल पॉल बॉयर व जॉन वॉकर हे १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले.

लोहित रक्तकणिकेची वेगळी रचना

लोहित रक्तकणिका या सर्वसाधारण नियमाला अपवाद आहे. ती अस्थिमज्जेत तयार होत असताना तिच्यात केंद्रकही असते आणि तंतुकणिकाही असतात. हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त हीम या घटकाच्या निर्मितीची पहिली पायरी आणि शेवटच्या पायऱ्या तंतुकणिकेतच पार पडतात. म्हणजे हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी तंतुकणिका आवश्यक असतात. हे काम होत आल्यावर पेशी आधी केंद्रक बाहेर टाकते. नंतर रेटिक्युलोसाइट या अपक्व अवस्थेत ती तंतुकणिकांना वेढून, विरघळवून नष्ट करते. स्वतःच्या तंतुकणिका अशा रीतीने संपवण्याच्या क्रियेला मायटोफॅजी म्हणतात. या कामात निक्स नावाच्या प्रथिनाची भूमिका महत्त्वाची असल्याचे २००७ व २००८ साली उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले.

पूर्ण वाढ झालेली निरोगी रक्तकणिका त्यामुळे केवळ ग्लुकोजच्या विघटनातून मिळणाऱ्या थोड्या एटीपीवर सुमारे १२० दिवस जगते. तिची गरजही मर्यादित असते. आत शिरणारे सोडियम व कॅल्शियम बाहेर काढणे आणि पटल लवचीक ठेवणे यांसाठी ती ऊर्जा वापरते. या रचनेचा लाभ असा की, वाहून नेत असलेला ऑक्सिजन ती स्वतः खर्च करत नाही. तो ज्या पेशींमध्ये तंतुकणिका आहेत, त्यांच्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो.

ग्लुकोजच्या विघटनाच्या मार्गातच २,३-डीपीजी नावाचे एक संयुग तयार होते. ते हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरील पकड सैल करते आणि त्यामुळे ऊतींना ऑक्सिजन सहज मिळतो. निरोगी व्यक्तीत हे उपयुक्त असते. सिकलसेल आजारात मात्र त्याचा उलटा परिणाम होतो.

सिकलसेल आजारात होणारा बिघाड

मूळ दोष

जेम्स हेरिक यांनी १९१० साली अमेरिकेत एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद केली. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ साली हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतील बदलामुळे होतो, हे दाखवले. रेणूच्या पातळीवर कारण समजलेला हा पहिला आजार मानला जातो. व्हर्नन इनग्राम यांनी १९५७ साली नेमका बदल शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते.

एवढ्या बदलामुळे ऑक्सिजन सोडल्यानंतर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार होतात. पेशी ताठर होते आणि विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व लवकर फुटतात. त्यांचे आयुष्य १२० दिवसांऐवजी सुमारे १० ते २० दिवसच असते. रक्तक्षय, कावीळ, हातापायांची सूज, सांधे व हाडांतील तीव्र वेदना, वारंवार होणारे जंतुसंसर्ग, प्लीहेची हानी आणि पक्षाघात ही या आजाराची प्रमुख लक्षणे व गुंतागुंती आहेत.

रक्तकणिकेतील ऊर्जेची टंचाई

सिकलसेल रुग्णाच्या रक्तकणिकेत एटीपीचे प्रमाण कमी आणि २,३-डीपीजीचे प्रमाण अधिक आढळते. एटीपी कमी पडले की पेशीत कॅल्शियम साठते, पोटॅशियम व पाणी बाहेर जाते आणि पेशी आक्रसते. आतील हिमोग्लोबिनची संहती वाढल्याने दांडे आणखी वेगाने तयार होतात. २,३-डीपीजी वाढल्याने हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडते, आणि ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनच दांडे बनवते. एक बिघाड अशा रीतीने दुसऱ्याला बळ देतो.

शिल्लक राहिलेल्या तंतुकणिका

सिकलसेल रुग्णांच्या तसेच या आजाराचे जनुक असलेल्या उंदरांच्या पूर्ण वाढलेल्या रक्तकणिकांपैकी काहींमध्ये तंतुकणिका शिल्लक असतात, असे २०१७ साली प्रकाशित झालेल्या संशोधनात दिसून आले. पुढील अभ्यासांनी याला दुजोरा दिला. रक्तकणिका मोठ्या संख्येने फुटत असल्यामुळे अस्थिमज्जा घाईने नव्या पेशी रक्तात सोडते. त्याचबरोबर मायटोफॅजीची क्रियाही अपुरी राहते.

या तंतुकणिकांचा पेशीला लाभ होत नाही. त्या पेशीने वाहून न्यायचा ऑक्सिजन वापरतात आणि त्यांच्यापासून ऑक्सिजनयुक्त क्रियाशील रेणू तयार होतात. या रेणूंमुळे पटल व प्रथिने यांची हानी होते आणि पेशी लवकर फुटते. पेशी फुटल्यावर तंतुकणिकांतील डीएनए रक्तात मिसळते. तंतुकणिकांची रचना उत्क्रांतीच्या ओघात जिवाणूंपासून आलेली असल्याने शरीराची प्रतिकारयंत्रणा हे डीएनए परके समजते. सिकलसेल रुग्णांच्या रक्तात हे डीएनए अधिक असते आणि ते श्वेत रक्तकणिकांना चेतवून दाह वाढवते, असे २०२१ साली प्रकाशित झालेल्या संशोधनात आढळले.

रक्तपट्टिका व स्नायू

फुटलेल्या पेशींतील मोकळे हिमोग्लोबिन इतर पेशींच्या तंतुकणिकांनाही बाधा करते. रुग्णांच्या रक्तपट्टिकांमध्ये एटीपी सिंथेजचे कार्य मंदावलेले असते आणि त्यामुळे रक्तपट्टिका अकारण सक्रिय होऊन गुठळ्या होण्याकडे कल वाढतो, असे २०१४ च्या एका अभ्यासात दिसले. मोकळे हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड हा वायूही शोषून घेते. रक्तवाहिन्या सैल ठेवण्याचे काम हा वायू करत असल्याने त्या आकुंचित राहतात. रक्तक्षय, अडलेले रक्ताभिसरण आणि ऊर्जेची ही टंचाई यांमुळे रुग्ण थोड्या श्रमानेही थकतो. हा थकवा आळस किंवा अशक्त मनोवृत्तीचे लक्षण नसून त्यामागे मोजता येणारी शारीरिक कारणे आहेत.

तंतुकणिकांच्या आनुवंशिक विकारांपासून वेगळेपण

सिकलसेल आजारात तंतुकणिकांवर परिणाम होत असला, तरी तो तंतुकणिकांचा आनुवंशिक विकार नाही. तंतुकणिकांचे स्वतःचे डीएनए असते. मानवात त्यात १६,५६९ बेस-जोड्या व ३७ जनुके असतात आणि ते केवळ आईकडून अपत्याला मिळते. या डीएनएमधील दोषांमुळे होणारे डोळे, स्नायू व मेंदूचे काही विकार १९८८ पासून ओळखले गेले आहेत.

सिकलसेलचे जनुक मात्र पेशीकेंद्रकातील ११ व्या गुणसूत्रावर असते आणि ते आई किंवा वडील यांपैकी कोणाकडूनही मिळू शकते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य आजारग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. त्यामुळे आजारी अपत्याचा दोष केवळ आईला देण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. हा आजार स्पर्शाने, अन्नातून किंवा पाण्यातून पसरत नाही. वाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी असते आणि वाहक पुढे रुग्ण बनत नाही.

उपचार

हायड्रॉक्सियुरिया हे या आजारावरील सर्वाधिक वापरले जाणारे औषध आहे. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. हे हिमोग्लोबिन दांडे बनण्यास अटकाव करते, म्हणून वेदनांचे झटके कमी होतात. हे औषध नियमित रक्ततपासणीसह वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे लागते. फॉलिक आम्ल, बालवयातील पेनिसिलिन, न्यूमोकोकसविरोधी लस आणि आवश्यकतेनुसार रक्तसंक्रमण हे उपचाराचे इतर भाग आहेत. या रक्तक्षयाचे मूळ लोहाच्या कमतरतेत नसते. म्हणून तपासणीत लोह कमी आढळल्याखेरीज केवळ लोहाच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही, आणि वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णांत तर शरीरात लोह साचण्याचा धोका असतो.

ऊर्जाव्यवहारावर काम करणाऱ्या औषधांपैकी एल-ग्लुटामाइनला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. ते रक्तकणिकेची क्रियाशील रेणूंना तोंड देण्याची क्षमता वाढवते. मिटापिव्हॅट हे औषध ग्लुकोजच्या विघटनातील पायरुवेट कायनेज या विकराला चालना देते. त्यामुळे एटीपी वाढते आणि २,३-डीपीजी कमी होते. पायरुवेट कायनेजच्या कमतरतेसाठी त्याला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली, आणि सिकलसेल आजारात त्याच्या वैद्यकीय चाचण्या घेण्यात आल्या आहेत. उंदरांवरील प्रयोगांत या औषधाने रक्तकणिकांत शिल्लक राहणाऱ्या तंतुकणिकांचे प्रमाणही घटल्याचे आढळले. जनुकसंपादनावर आधारित पहिल्या उपचारास ब्रिटन व अमेरिकेत २०२३ साली परवानगी देण्यात आली. तो अत्यंत खर्चिक असून त्यासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाइतक्याच सुसज्ज रुग्णालयाची गरज असते.

तंतुकणिकांविषयीचे बरेचसे संशोधन अमेरिका व युरोपमधील, आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवर झालेले आहे. भारतातील रुग्णांमध्ये सिकलसेल जनुकाभोवतीची डीएनए रचना वेगळी असते. तिला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. त्यांच्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनही सहसा अधिक असते. यामुळे भारतीय रुग्णांत आजार सरासरीने सौम्य असतो, असे पूर्वी मानले जाई. मध्य भारतातील अभ्यासांत मात्र तीव्र स्वरूपाचे रुग्णही मोठ्या संख्येने आढळले आहेत. म्हणून परदेशातील निष्कर्ष येथे लागू करताना स्थानिक रुग्णांवर पडताळणी करणे आवश्यक ठरते. हिमोग्लोबिनच्या विकारांवर संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था मुंबईत आहे.

दैनंदिन जीवन व स्थलांतर

शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, ताप आणि अतिश्रम यांमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. या सर्व गोष्टींत रक्तकणिकेतील पाणी कमी होते किंवा ऊतींची ऑक्सिजनची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढते. नंदुरबार जिल्ह्यात हे धोके रोजच्या जगण्याचाच भाग आहेत. सातपुड्यातील हिवाळा कडाक्याचा असतो. पावसाळा संपल्यावर अनेक कुटुंबे ऊसतोडणी व इतर मजुरीसाठी दक्षिण गुजरातमध्ये स्थलांतर करतात. तेथे कष्टाचे काम असते, उन्हात पुरेसे पाणी मिळत नाही आणि औषधांत खंड पडतो. रुग्णाने भरपूर पाणी पिणे, उबदार कपडे वापरणे, तापावर त्वरित उपचार घेणे आणि स्थलांतर करताना औषधे व तपासणीचा अहवाल सोबत ठेवणे हितावह असते.

याचा अर्थ रुग्णाने सर्व हालचाल टाळावी, असा होत नाही. फ्रान्समध्ये झालेल्या व २०१८ साली प्रकाशित झालेल्या चाचणीत वैद्यकीय देखरेखीखालील मध्यम व्यायाम प्रौढ रुग्णांना सुरक्षित ठरला आणि त्यांची शारीरिक क्षमता वाढली. विश्रांती घेण्याची मुभा नसलेली अंगमेहनत आणि असा नियंत्रित व्यायाम यांत मोठा फरक आहे.

तपासणी व शासकीय कार्यक्रम

सिकलसेलची प्राथमिक तपासणी विद्राव्यता चाचणीने होते. ही चाचणी सकारात्मक आल्यास व्यक्ती वाहक आहे की ग्रस्त, हे हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्यांनी निश्चित केले जाते. वाहकाची नोंद ‘एएस’ आणि ग्रस्त व्यक्तीची नोंद ‘एसएस’ अशी करतात. विवाहापूर्वी किंवा गर्भधारणेच्या सुरुवातीस तपासणी केल्यास दांपत्याला पुढील निर्णय माहितीपूर्वक घेता येतो.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाला. बाधित भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून या आजाराचे निर्मूलन करणे ही त्याची उद्दिष्टे आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश असून, निकषांत बसणाऱ्या रुग्णांना दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळू शकते. दरवर्षी १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन म्हणून पाळला जातो.

नंदुरबार येथे जिल्हा रुग्णालय असून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० पासून सुरू झाले आहे. धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगराळ पाड्यांपासून तेथे पोहोचण्यास मोठा प्रवास करावा लागतो. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी तपासणी, भिली, पावरी यांसारख्या स्थानिक बोलींतून केलेले समुपदेशन आणि औषधांचा अखंड पुरवठा यांवर तेथील रुग्णांचे आरोग्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.